विद्यार्थ्यांचा मानसिक ताण आणि व्यायाम : महाराष्ट्रातील व्यायामविचाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट हे पैनगंगेच्या काठचे गाव. अशा गावांतील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. सकाळची एस.टी. गाठणे, दिवसभर तासिका, परतल्यावर घरचे व शेतातले काम आणि रात्री अभ्यास असा त्यांचा दिनक्रम असतो. कोरडवाहू शेतीची अनिश्चितता, परीक्षा, स्पर्धा परीक्षांची दीर्घ प्रतीक्षा आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा भार त्यांच्या मनावर असतो. वर्गात तो सहसा दिसत नाही. हजेरी कमी होते, उत्तरपत्रिका कोरी राहते, आणि क्वचित त्याहून वाईट बातमी येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते व हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. म्हणून हा प्रश्न केवळ मानसशास्त्र विभागाचा किंवा क्रीडा संचालकांचा राहत नाही. तो प्रत्येक प्राध्यापकाचा ठरतो.

या प्रश्नावरील उपायांत व्यायामाचा उल्लेख हमखास होतो आणि तो बहुधा नव्या शोधासारखा केला जातो. वस्तुतः शिकणाऱ्या तरुणाच्या शरीराचा व मनाचा एकत्र विचार महाराष्ट्रात किमान दीडशे वर्षे चालू आहे. या विचाराने वेळोवेळी आपले प्रयोजन बदलले. त्या बदलात काय हाती लागले आणि काय निसटले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात विद्यार्थी व व्यायाम यांच्या संबंधाविषयी झालेल्या विचाराचे टप्पे स्पष्ट करणे.
२) व्यायाम व मानसिक ताण यांविषयीच्या आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात या परंपरेचे मूल्यमापन करणे.
३) ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासातून मिळणारा बोध मांडणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. 'ताण' ही संज्ञा आजच्या अर्थाने जुन्या साहित्यात आढळत नाही. तेथे चिंता, मनस्ताप, शक्तिपात असे शब्द येतात. त्यामुळे आजची संज्ञा पूर्वीच्या काळावर लादण्याऐवजी तिच्या जवळचा आशय शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

तालमीची परंपरा

महाराष्ट्रात व्यायामाचे मूळ स्थान तालीम हे होय. समर्थ रामदासांच्या कार्यामुळे मारुतीची उपासना आणि बलोपासना यांची सांगड घातली गेली. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करून त्याला शिस्तबद्ध रूप दिले. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत महात्मा जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व अन्य शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. जातिभेदाने विभागलेल्या समाजात एका मातंग वस्तादाच्या हाताखाली इतर जातींच्या तरुणांनी शिकावे, ही गोष्ट सामाजिकदृष्ट्या अर्थपूर्ण आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तालमीची तीन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावी लागतात. व्यायामाची वेळ ठरलेली असे. तो सोबत्यांसह व वस्तादाच्या नजरेखाली होई. आणि कुस्तीच्या फडाचा अपवाद वगळता, रोजच्या मेहनतीचे मोजमाप करून कोणी गुण देत नसे. तथापि या परंपरेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तालीम ही प्रायः पुरुषांची जागा होती. मुलींना तेथे स्थान नव्हते आणि ही उणीव पुढेही दीर्घकाळ राहिली.

पदवीधरांचे अकाली मृत्यू आणि परीक्षेचा भार

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि महाराष्ट्रात एका नव्या प्रकारचा विद्यार्थी जन्माला आला. त्याचे भवितव्य परक्या भाषेतील लेखी परीक्षेवर अवलंबून होते. घर सोडून शहरात राहणे, अपुरे अन्न, रात्रीची जाग्रणे आणि नापास होण्याचे भय हे त्याच्या जीवनाचे घटक बनले.

या पिढीतील दोन विद्यार्थ्यांची उदाहरणे बोलकी आहेत. बाळ गंगाधर टिळक यांच्या मातोश्री १८६६ मध्ये वारल्या होत्या. वडील गंगाधरपंत १८७२ मध्ये निवर्तले. त्यानंतर लवकरच सोळा वर्षांचे टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती दुर्बल असल्याचे जाणवून त्यांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालविले. व्यायाम, कुस्ती, पोहणे आणि नेमका आहार हा त्यांचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम होता. हा निर्णय पितृवियोगाच्या दुःखातून घेतला गेला असे म्हणण्यास आधार नाही. त्याचे कारण प्रकृतीची चिंता हेच सांगितले जाते. परंतु पोरक्या झालेल्या एका तरुणाने पुस्तके बाजूस सारून प्रथम शरीराला बळकटी आणली, आणि पुढील आयुष्यातील कारावास व मनस्ताप सोसताना ते वर्ष वाया गेले असे त्याला वाटले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसरे उदाहरण वऱ्हाडाशी निगडित आहे. गोपाळ गणेश आगरकर हे अकोल्याच्या शाळेतून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. दारिद्र्याशी झगडत त्यांनी डेक्कन कॉलेजातील शिक्षण पूर्ण केले. दम्याच्या विकाराने त्यांना आयुष्यभर छळले आणि १८९५ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. टिळकांनी व्यायाम केला म्हणून ते तगले आणि आगरकरांनी केला नाही म्हणून ते गेले, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय व अन्यायाचे होईल. दमा हा रोग आहे आणि गरिबी हा व्यायामाचा अभाव नव्हे. या दोन उदाहरणांतून दिसते ते एवढेच, की एकाच महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना आपल्या शरीराकडे पाहण्याची सवड समान प्रमाणात मिळत नव्हती. हा भेद आजही संपलेला नाही.

त्या काळात सुशिक्षितांचे अकाली मृत्यू समाजाच्या नजरेत भरू लागले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी वारले. कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये पस्तिशीच्या आत गेले. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्या. काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. याच दशकात न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूचा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि विद्यापीठीय परीक्षांच्या भाराशी त्याचा संबंध जोडला. क्षय, विषमज्वर यांसारख्या रोगांचा वाटा पाहता केवळ परीक्षेला दोष देणे आज कोणी मान्य करणार नाही. परंतु विद्यार्थ्याची प्रकृती हा विद्यापीठाच्या जबाबदारीचा भाग आहे, हे तत्त्व या चर्चेतून पुढे आले. विद्यार्थ्याने सोसलेल्या भाराचा विचार करताना केवळ विद्यार्थ्याला सुधारू पाहण्याऐवजी परीक्षापद्धतीकडेही बोट दाखविणारी ही भूमिका विशेष महत्त्वाची होय.

विद्यार्थी ते राष्ट्र : प्रयोजनातील बदल

विसाव्या शतकाच्या प्रारंभी व्यायामाचे प्रयोजन बदलले. दुर्बल पदवीधराची चिंता मागे पडून दुर्बल राष्ट्राची चिंता पुढे आली. १९१४ मध्ये अमरावती येथे अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. पुढे पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये आणि दादर येथे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये सुरू झाले. अमरावतीच्या मंडळाने देशी व्यायामप्रकार शिकविणारे शिक्षक तयार करण्यावर भर दिला. वऱ्हाडात महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया तेव्हा नुकताच घातला जात होता. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये सुरू झाले. म्हणजे या प्रदेशात व्यायामाची संस्था महाविद्यालयाच्या आधी उभी राहिली.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा प्रयोग वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. त्यांनी प्रथम युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीचा अनेक वर्षे अवलंब केला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कारांचा प्रसार केला व त्यावर पुस्तकेही लिहिली. साधने नकोत, विस्तृत मैदान नको, स्त्री-पुरुष, बाल-वृद्ध सर्वांना करता यावा, हे त्यांच्या आग्रहाचे सूत्र होते. तालमीच्या उंबरठ्यावर थांबलेल्या मुलींच्या दृष्टीने हे पाऊल मोलाचे होते.

मनाच्या अंगाने सर्वांत मूलगामी विचार केला तो स्वामी कुवलयानंद यांनी. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. बुलढाण्याला लागून असलेल्या खानदेशात, अमळनेर येथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. म्हणजे व्यायाम व योग यांच्याकडे वळलेला हा संशोधक मुळात आपल्यासारखाच अध्यापक होता. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसने व क्रिया यांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी क्ष-किरण व दाबमापक उपकरणांच्या साहाय्याने तपासला. त्यांनी डॉ. स. ल. विनेकर यांच्यासह लिहिलेला योगोपचारावरील ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला. मनातील अस्वस्थता स्नायूंच्या ताठरपणात उतरते व शरीरावरील उपचार मनापर्यंत पोहोचतात, ही त्या ग्रंथामागील भूमिका होती.

१९३६ : एक लक्षणीय योग

या इतिहासात १९३६ हे वर्ष विशेष लक्ष वेधून घेते. त्या वर्षी ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि तेथे कबड्डी, मल्लखांब आदी देशी प्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या 'व्यायामज्ञानकोशा'चा पहिला खंड निघाला. कुवलयानंदांनी शाळांतील मुलांना समूहाने करता येतील असे प्रकार 'यौगिक संघ व्यायाम' या पुस्तकातून मांडले. आणि याच वर्षी कॅनडात काम करणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 'नेचर' या नियतकालिकात एक छोटी टीप प्रसिद्ध केली. निरनिराळ्या अपायकारक घटकांना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते, हे त्याने प्रयोगान्ती दाखविले. आजच्या ताणविषयक संशोधनाचा आरंभ या टिपेपासून मानला जातो.

या घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. तरीही एकीकडे ताणाचे शरीरशास्त्र उदयास येत असताना दुसरीकडे त्यावरील एका उपायाचे संघटन महाराष्ट्रात पूर्ण झाले होते, ही वस्तुस्थिती राहते. हे दोन प्रवाह आपल्याकडे वेळेवर एकत्र आले नाहीत. व्यायामाच्या संस्था राष्ट्रबांधणीत व पुढे स्पर्धांत गुंतल्या. मानसशास्त्र वर्गखोलीत राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळ : सक्ती आणि श्रेयांक

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती सक्तीची करण्यात आली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. अमरावतीच्या मंडळाने १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय स्थापन केले. शारीरिक शिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय बनला ही प्रगतीच होय. परंतु त्याबरोबर सर्वसाधारण महाविद्यालयांत व्यायाम ही निवडक खेळाडूंची बाब ठरली. संघात निवड न झालेला, बुजरा, पायाने अधू किंवा घराकडे जाणारी शेवटची गाडी पकडणारा विद्यार्थी मैदानाच्या बाहेर राहिला. ताणाचा धोका मात्र बहुतांशी त्यालाच होता.

२०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांतील शारीरिक सुदृढता, क्रीडा आणि विद्यार्थ्यांचे मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात योग, क्रीडा व आरोग्य यांना सहअभ्यासक्रमात श्रेयांकांसह स्थान मिळाले आहे. हे स्वागतार्ह आहे, तथापि येथेच सावधगिरीची गरज आहे. ज्या विद्यार्थ्याला मूल्यमापनाचाच ताण आहे त्याला दिलेला व्यायामही मूल्यमापनाचा विषय झाला, तर त्याच्या वेळापत्रकात एका परीक्षेची भर पडते. नोंदवही पूर्ण होते, आसनांची छायाचित्रे जोडली जातात आणि मूळ हेतू तेवढा राहून जातो.

आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात

ताणाच्या प्रसंगी हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके स्रवतात. प्रसंग संपल्यावर शरीर पूर्वस्थितीला येणे अपेक्षित असते. परीक्षा, कर्ज, बेकारी यांची चिंता मात्र संपत नाही, त्यामुळे शरीराची सज्ज अवस्था लांबते, झोप बिघडते आणि एकाग्रता ढळते. नियमित व्यायामात हृदयाची गती वाढते व पुन्हा उतरते. या सरावाने शरीर पूर्वस्थितीला येण्यास शिकते, झोप सुधारते आणि आपण काही साध्य करू शकतो हा विश्वास वाढतो.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्यग्रस्त १५६ व्यक्तींचा समावेश होता. सोळा आठवड्यांनंतर व्यायामाचा परिणाम औषधाच्या तोडीचा आढळला. हा अभ्यास विद्यार्थ्यांवरील नव्हता, हे लक्षात ठेवून त्याचा दाखला द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली. म्हणजे दररोज अर्ध्या तासाचे भरभर चालणेही पाच दिवसांत किमान मर्यादा गाठते.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. जो मुलगा सकाळी शेतात राबतो व जी मुलगी पाणी भरून, स्वयंपाक उरकून महाविद्यालयात येते त्यांना व्यायामाची गरज काय? अलीकडील संशोधनात फुरसतीच्या वेळी स्वेच्छेने केलेल्या शारीरिक हालचालीचा मानसिक स्वास्थ्याशी जसा अनुकूल संबंध दिसतो, तसा तो कामाच्या श्रमांबाबत दिसत नाही. राबणे आणि खेळणे यांत स्नायू तेच असले तरी मन वेगळे असते. सक्तीच्या श्रमाने थकवा येतो. स्वतः निवडलेल्या व्यायामात सोबत, खेळकरपणा आणि काही काळ चिंतेपासून सुटका असते. त्यामुळे कष्टकरी घरातील विद्यार्थ्याला आणखी श्रम देण्यापेक्षा मोकळा वेळ देणे हाच खरा उपक्रम ठरतो. मुलींसाठी सुरक्षित जागा आणि महाविद्यालयीन वेळेतच राखलेला तास ही त्याची पूर्वअट आहे. कारण सायंकाळचे मैदान त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

निष्कर्ष

१) विद्यार्थ्याची प्रकृती व परीक्षेचा भार यांतील संबंधाची जाणीव महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्टपणे व्यक्त झाली होती.
२) व्यायामाचे प्रयोजन प्रथम व्यक्तीची प्रकृती, नंतर राष्ट्राचे बळ आणि त्यानंतर स्पर्धा व श्रेयांक असे बदलत गेले. या प्रवासात सर्वसाधारण विद्यार्थ्याचे मन दुर्लक्षित राहिले.
३) तालमीची ठरलेली वेळ, सोबत व अनुभवी माणसाची नजर, तसेच सूर्यनमस्काराची साधनविरहित सुलभता, ही परंपरेतील तत्त्वे आधुनिक संशोधनाशी सुसंगत आहेत. स्त्रियांना वगळण्याची प्रवृत्ती मात्र त्याज्य आहे.
४) शेतीतील व घरातील श्रम हे स्वेच्छेने केलेल्या व्यायामाला पर्याय ठरत नाहीत.
५) व्यायाम हा समुपदेशनाला किंवा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही. तीव्र नैराश्य असलेल्या विद्यार्थ्याला मैदानावर जाण्याचा सल्ला देऊन मोकळे होणे धोक्याचे आहे. त्याला तज्ज्ञांपर्यंत पोहोचविणे हे प्राध्यापकाचे कर्तव्य होय.

समारोप

रानडे यांनी पदवीधरांच्या मृत्यूचा प्रश्न मांडला तेव्हा महाविद्यालये मोजकी होती आणि विद्यार्थी प्रायः उच्चवर्णीय व पुरुष होते. आज देऊळघाटसारख्या गावांतील पहिल्या पिढीचे विद्यार्थी आपल्या वर्गात बसले आहेत. त्यांच्यासाठी व्यायामशाळेची भव्य इमारत उभारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वेळापत्रकात आठवड्यातून काही वेळा अर्धा तास राखून ठेवणे, त्यात निवडचाचणी व गुण न ठेवणे, आणि एखाद्या प्राध्यापकाने स्वतः विद्यार्थ्यांसोबत चालणे एवढे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. वस्तादाची नजर हे तालमीचे मोठे सामर्थ्य होते. आठ दिवस न आलेल्या मुलाची चौकशी तो करीत असे. सोबत चालणाऱ्या प्राध्यापकालाही कोण गप्प झाला आहे, कोण येईनासा झाला आहे हे इतरांपेक्षा लवकर कळेल, आणि कित्येकदा मदतीची सुरुवात तेथूनच होते.